रेघ मारलेले दोन रकाने

ताई, आपल्या वादाचा निकाल लागला. अर्धा वाद तू जिंकलीस. हे सांगायला त्या दिवशी मी तुलाच फोन लावला होता. तीन वेळा घंटी वाजली, पलीकडून मित्रा "बोल मावशी" म्हणाली, आणि मग मला आठवलं की तू गेलीस त्याला महिना उलटून गेला आहे आणि तुझा फोन आता तुझी मुलगी वापरते. मी म्हटलं, "काही नाही, सहज."

जन्मभर मी हेच म्हणत आले. काही नाही, सहज. तुला या सवयीचा राग यायचा. शाळेत तू अख्ख्या वर्गाला गप्प करायचीस आणि घरी आलीस की मला बोलतं करायच्या मागे लागायचीस. "कुंदे, तोंड दिलं आहे ना तुले? मंग?" म्हणून हे लिहिते आहे. ग्रंथालयात जन्म काढलेल्या बाईला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. आज तुला जाऊन सव्वादोन महिने झाले. एवढ्या दिवसांत पाच-सहा पानं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

वाद सुरू झाला तो तुझ्या मनगटावरून. दोन वर्षांपूर्वी ऑटोतून उतरताना तुझा तोल गेला, तू हात टेकलास आणि मनगट मोडलं. एवढ्याशानं मोडायला नको होतं, असं म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून आणायला सांगितली. आपण दोघी लकडगंजच्या बाजूला त्या तपासणी केंद्रात गेलो. तुझ्या उजव्या हाताला प्लास्टर, त्यामुळे अर्ज मी भरत होते आणि तू शेजारी बसून सांगत होतीस. नाव, वय, उंची, वजन झालं. मग दोन रकाने आले. वरच्यात लिहिलं होतं: वंश. खालच्यात: आई किंवा वडील यांच्या खुब्याचं हाड कधी मोडलं होतं का.

"हे वरचं काहून पाहिजे?" तू काउंटरवरच्या मुलीला विचारलंस.

"मॅडम, मशीनमध्ये टाकावं लागते."

"मशीनले माझी जात काहून पाहिजे?"

"जात नाही मॅडम, एथ्निसिटी."

"मराठीत सांग."

ती मुलगी गडबडली. "म्हणजे... तुम्ही कोण आहात, ते."

"मी रिटायर्ड सायन्स टीचर आहो. लिही."

मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं. मी तुझ्या कानाशी पुटपुटले, "ताई, मशीनला जात कळत नाही. तुझं हाड कोणाच्या हाडाशी ताडून पाहायचं, एवढंच ते विचारतंय."

"तेच त जात झाली ना मंग," तू म्हणालीस, आणि तेही हळू नाही. "कोणाले कोणासंग तोलाचं ते आधीच ठरवून ठेवाचं. दुसरं काय असते जातीत?"

तू डाव्या हातानं माझ्याकडचं पेन घेतलंस आणि त्या रकान्यावर रेघ मारलीस. डावा हात, त्यात राग. रेघ तिरपी झाली आणि खालच्या रकान्यावरूनही गेली.

"ताई, खालच्यावर पण गेली."

"राहू दे. तो बी तसलाच आहे. माय पडली होती, म्हणून मोडलं. पडल्यावर कोणाचंही मोडते. त्यात रक्ताचा काय संबंध?"

मी अर्ज काउंटरवर दिला. त्या मुलीनं वरचा रकाना कोराच सोडला आणि खालच्यात "नाही" टाकलं. मला ते दिसलं होतं, आणि मायचं खरं काय झालं ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले.

माय रेजा होती, हे मित्राच्या मैत्रिणींना सांगताना तू आवाज चढवायचीस. बांधकामावर डोक्यावर घमेलं घेऊन विटा आणि कालवलेला गारा वाहणारी बाई. नागपुरात किती इमारती तिच्या डोक्यावरून उभ्या राहिल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून तो तूच ठेवायचीस, बसमधून जाताना बोट दाखवायचीस, "हे मायचं, हे मायचं." वस्तीत लोक म्हणायचे, रेजाचं हाड आहे, लोखंडाचं. आपणही ते अभिमानानं म्हणत मोठ्या झालो.

आणि माय पडली त्या दिवशी तेच वाक्य आपण दवाखान्यात ऐकलं. मायला दोन जणींनी धरून नेलं होतं. तिथल्या माणसानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. "या लोकांचे हाडं लोखंडाचे राहतात. मुका मार असन. घरी न्या." एक्स-रे झाला तो तिसऱ्या दिवशी, दुसरीकडे. तोपर्यंत माय खाटेवर पडून छताकडे पाहत होती, आणि तू, नुकतीच नोकरीला लागलेली, भिंतीला टेकून उभी होतीस. "या लोकांचे" म्हणजे कोणाचे, ते त्यानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

तुझी रेघ तिथून आली होती, हे मला त्या केंद्रातसुद्धा समजत होतं. तू काही रकान्यांना घाबरणारी बाई नव्हतीस. कॉलेजात प्रवेश घेताना, शिष्यवृत्ती मागताना, नोकरीत रुजू होताना तू जातीचा रकाना मान ताठ ठेवून भरलास. "जिथं त्या रकान्यानं दार उघडते तिथं भराचा. जिथं माप घेतात तिथं नाही भराचा." हा तुझा नियम होता. आपल्या बाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मागचं सगळं मागे टाकलं असं ते म्हणत. तू म्हणायचीस, आपण टाकलं, लोकांनी अजून उचलून धरलं आहे, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

तुझा तो रक्ताचा तासही मला आठवतो. मी एकदाच पाहिला, तुझ्या शाळेत पुस्तकांची यादी करायला आले होते तेव्हा. तू स्वतःच्या बोटाला सुई टोचलीस, मग तिघा पोरांच्या बोटांना वेगवेगळ्या सुया टोचल्यास, चार काचपट्ट्या केल्यास आणि त्या उलटसुलट करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास. "सांगा, यातली बाई कोणती?" पोरं डोळे बारीक करून पाहत होती. एक म्हणाला, "बाई, सगळेच गोल गोल." तू म्हणालीस, "झाला तास. घरी जाऊन हेच सांगा." घरी येताना मी तुला म्हटलं, "रक्तगट तरी वेगळे असतात, ताई." तू म्हणालीस, "असतात. पण गल्लीप्रमाणं नसतात."

मग अहवाल आला. तुझी हाडं किंचित विरळ होती, पण फार नाही. डॉक्टरांनी अर्ज पाहिला, घरात कोणाला काही नाही हे वाचलं आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लिहून दिलं. वर्षानं परत या, म्हणाले. ड जीवनसत्त्व कमी आहे हे ऐकून तू हसलीस. "नागपुरात? इथं उन्हाची काय कमी आहे डॉक्टर?"

"ऊन आहे, मॅडम. पण तुम्ही कुठं असता त्यात? डोक्यावर दुपट्टा, हाताले मोजे, गॉगल. तुमच्या चेहऱ्याले ऊन भेटतच नाही."

या एका उत्तरासाठी तू त्यांना चांगले डॉक्टर ठरवलंस. वर्षानं परत मात्र गेली नाहीस.

त्या वर्षात मी वाचत राहिले. निवृत्त झाले तरी वाचनालयात जाऊन बसायची सवय सुटली नव्हती. जे कळेल ते रविवारी बेसाला तुझ्या घरी येऊन तुला सांगायचे, आणि तू गॅलरीत खुर्ची टाकून माझी उलटतपासणी घ्यायचीस. मी सांगितलं की काही समूहांत सरासरीनं हाडं अधिक घट्ट असतात, आफ्रिकी वंशाच्या लोकांत तशी असतात, आपल्याकडच्या बायकांत सरासरी कमी भरते. तू म्हणालीस, "कोणी मोजलं? किती जणी मोजल्या? कोणत्या वस्तीतल्या?" मी सांगितलं की पूर्वेकडच्या काही देशांत हाडांची घनता कमी भरते, तरी तिथं खुबे कमी मोडतात, म्हणजे नुसत्या घनतेवर सगळं नाही; हाडाची ठेवण, चालणं, खाणं, ऊन हेही आहे. यावर तू खूश झालीस. मग मी सांगितलं की ते मशीन खरं तर हाडाची सावली मोजतं. लहान चणीच्या बाईचं हाड लहान, त्याची सावली पातळ, म्हणून ते आहे त्यापेक्षा विरळ वाटू शकतं.

"म्हणजे बुटक्या बाईले मशीन फसवते," तू टाळी वाजवलीस. "पाहा! मी काय म्हणून राहिली होती?"

"पण म्हणूनच तर विचारतात, कोणाशी ताडायचं. तो रकाना भरला असता तर उलट तुझ्यावर अन्याय कमी झाला असता."

"आपल्यातल्या आपल्यात काय कमी फरक आहे? तू आणि मी घे. मी अशी ठेंगणी, तू उंच. एकाच मायच्या पोटच्या. आपल्याले कोणत्या खोक्यात टाकतील?"

मी म्हटलं होतं की हो, एकाच गल्लीतल्या दोन बायकांत जेवढा फरक असतो तेवढा कधीकधी दोन खंडांच्या सरासरीत नसतो. तू चहाचा कप उचलून माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मीच तुझा रक्ताचा तास घेतला होता.

तिथं मी थांबायला नको होतं. त्यापुढचं वाक्य माझ्या वहीत लिहिलेलं होतं. समूह फार थोडं सांगतो, घर बरंच सांगतं. आईचा खुबा मोडला असेल तर मुलीनं आधीपासून जपावं. एकच असा कुठला दोष नसतो, शेकडो बारीक गोष्टी आईकडून येतात, वाटाण्याच्या झाडांचा धडा तू जन्मभर शिकवलास त्याहून कितीतरी गुंतागुंतीच्या, पण येतात. हे सांगायचं तर मायचं सांगावं लागलं असतं. आणि मायचं सांगायचं तर ती सकाळ सांगावी लागली असती.

ती सकाळ तू अशी सांगायचीस: तू शाळेत जायच्या आधी फरशी पुसलीस, घाईत पाणी जास्त झालं, माय त्यावरून घसरली. नवी फरशी होती, तुझ्या पहिल्या पगारातून बसवलेली. तुझ्यामुळे मायचा खुबा मोडला, हे तू कोणाला रडून सांगितलं नाहीस. पण त्यानंतर तू ओल्या फरशीवर कोणाला पाय ठेवू दिला नाहीस. बेसाच्या घरी कामवाली पुसून गेली की तू तिच्यामागे कोरडं फडकं घेऊन वाकायचीस. मित्रा ओरडायची, "आई, कंबर दुखते म्हणते आणि हे काय करून राहिली?" तू म्हणायचीस, "असू दे." एवढी वर्षं तू ते फडकं फिरवत राहिलीस.

ताई, फरशी वाळली होती. तू जाऊन तास होऊन गेला होता, उन्हाळ्याचे दिवस होते, दार उघडं होतं. मी अनवाणी, हातात पुस्तक घेऊन दारात उभी होते. माय चुलीपासून उठली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "कुंदा, कंबरेत कडकन झालं वं." मग पडली. आधी म्हणाली, मग पडली. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला त्याचा अर्थ कळला नाही. दवाखान्यात "घसरली असन" असं कोणीतरी म्हटलं, तू ते लगेच स्वतःवर घेतलंस, आणि एवढ्या गोंधळात मला विचारलं कोणी नाही. पुढे कितीतरी वर्षांनी वाचताना कळलं की विरळ झालेलं हाड कधीकधी पडण्याआधीच मोडतं, आणि उभं असताना नुसतं पडून मोडलं तरी दोष फरशीचा नसतो. तोवर तुझी गोष्ट घरात पक्की झाली होती. ती मोडली तर लोखंडाच्या हाडाची माय पण मोडते, असं मला वाटायचं. हे कारण चांगलं दिसतं. खरं कारण एवढंच की तुझ्याशी भांडण होईल याची मला भीती वाटायची.

यंदा फेब्रुवारीत तू तुझ्या खोलीत साडीच्या निऱ्या करत होतीस, मित्रानं हाक मारली, तू वळलीस आणि पडलीस. कोरड्या फरशीवर. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि मग छातीनं दगा दिला. दवाखान्यातल्या एका दुपारी तू माझा हात धरून म्हणालीस, "मायसारखंच झालं वं कुंदे." थोड्या वेळानं म्हणालीस, "त्या दिवशी मी फरशी पुसली नसती त..."

समोर खुर्चीवर मी, खोलीत दुसरं कोणी नाही, तुझे डोळे माझ्यावर. यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हटलं, "झोप आता, ताई."

यावर मी जास्त लिहीत नाही. तू असतीस तर "पुढं बोल" म्हणाली असतीस.

तर पुढचं. तुला ज्यासाठी हे लिहिते आहे ते पुढंच आहे.

तुझ्या डॉक्टरांनी दवाखान्यातून निघताना मित्राला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्हीही हाडं तपासून घ्या. तिचं ते ऑपरेशन झाल्यापासून, गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं तेव्हापासून, तिची हाडं इतरांपेक्षा लवकर झिजू शकतात, हे मला ठाऊक होतं. मी तिला दोनदा आठवण केली. ती तुझी मुलगी. म्हणाली, "मावशी, आईनं जो रकाना भरला नाही तो मी भरू? आजी घसरून पडली. आई पडली. पडणं काय आनुवंशिक असते?"

तुझ्या महिन्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी गेले, पाहुणे पांगले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. मित्रा ताटं पुसत होती आणि पुसता पुसता म्हणाली, "आई शेवटी शेवटी म्हणत होती, तिच्यामुळं आजी पडली. तेच डोक्यात घेऊन गेली ती."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं. उघडं दार, वाळलेली फरशी, माझे अनवाणी पाय, कडकन, आणि मग पडणं. सगळं त्याच क्रमानं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मित्रानं ताट आपटलं. "तुले माहीत होतं? एवढे वर्षं?"

"हो."

"आणि ती मरेपर्यंत फडकं मारत राहिली! काहून नाही सांगितलं तिले, मावशी? काहून?"

मी म्हटलं, "भीती वाटली."

"कशाची भीती? आईची? ती काय खाऊन टाकणार होती तुले?" ती रडायला लागली आणि रडता रडता भांडत राहिली, अगदी तुझ्यासारखी, एक मुद्दा न सोडता. मी सगळं ऐकून घेतलं. ते माझ्या वाट्याचंच होतं. शेवटी ती गॅस पेटवून चहा ठेवायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे आजीचं हाडच कच्चं होतं."

"विटा वाहून वाहून, अर्धपोटी राहून, सहा बाळंतपणं करून झिजलं होतं. आणि काही तिच्या आईकडून आलं असेल. कच्चं नव्हतं, मित्रा. कोणी पाहिलंच नाही त्याच्याकडे."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे पाहता येतं."

ती म्हणाली, "बुधवारी सुट्टी टाकते. तू पण चाल. तुझं पण करू."

आम्ही त्याच केंद्रात गेलो. तोच अर्ज, तेच दोन रकाने, काउंटरवर मात्र दुसरी मुलगी. मित्रानं वरच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तुझ्याच सुरात विचारलं, "हे काहून पाहिजे?" त्या मुलीनं आतून मशीन चालवणाऱ्याला बोलावलं. पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, "मॅडम, मशीनमध्ये यादी भरून आलेली असते. आपल्यासाठी त्यात एकच खोकं आहे, आशियाई. तेच टाकतो आम्ही."

"अख्खा आशिया? अरबस्तानपासून जपानपर्यंत?"

तो हसला. "सगळे एकाच खोक्यात."

"आई असती त तुमचा इथंच वर्ग घेतला असता."

"घेऊ द्या ना. पण डॉक्टर ज्या आकड्यावर औषध ठरवतात तो इथं सगळ्यांचा एकाच मापानं काढतो आम्ही, त्याले या रकान्यानं फार फरक नाही पडत. खालचा रकाना मात्र सोडू नका. तो वाचतात डॉक्टर."

हे ऐकलं आणि मला तुला फोन करावासा वाटला. वर सांगितला तो फोन हाच, घरी पोचल्या पोचल्या केलेला. ताई, वरच्या रकान्याबद्दल तू बरोबर होतीस. त्या खोक्यात तू, मी, माय आणि निम्मं जग एकत्र भरलं आहे आणि त्यातून आपल्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. तू रेघ मारलीस तो रकाना खरंच तेवढ्याच लायकीचा होता. पण त्याच रेघेनं खालचा रकाना खोडला गेला. त्याच्यात जात नव्हती, त्याच्यात माय होती.

मित्रानं खालच्या रकान्यात "आई: हो" लिहिलं. मग बाजूच्या कोऱ्या जागेत, कोणी विचारलं नव्हतं तरी, लिहिलं: "आजीचंही."

तिचे मणके विरळ निघाले. खुबा अजून बरा आहे. डॉक्टरांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, विचारलं, "आजीचं कोणत्या वयात?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, कडकन झालं तेही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "वेळेवर आलात." तुझ्याबद्दल मी विचारलं, की तो रकाना भरलेला असता तर? ते प्रामाणिकपणे म्हणाले की औषध बहुधा आधी सुरू केलं असतं, पण खुबा वाचलाच असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. हे "बहुधा" मला आता बरोबर घेऊन राहायचं आहे. राहीन.

डॉक्टर मित्राला जे म्हणाले ते तुझ्या वहीत लिहून ठेवण्यासारखं होतं. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, ते जिवंत असतं, रोज थोडं मोडतं आणि रोज बांधलं जातं. औषध मोडणाऱ्याचा हात रोखतं, चालणं आणि वजन उचलणं बांधणाऱ्याला कामाला लावतं. मित्रा तिथंच म्हणाली, "म्हणजे रेजाचं काम सुरूच आहे आतमध्ये." डॉक्टरांना ते समजलं नाही. मला हसू आलं, आणि तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले.

माझंही केलं. फार वाईट नाही, पण ड जीवनसत्त्व तुझ्यासारखंच तळाला. आता सकाळी दुपट्ट्याशिवाय अर्धा तास उन्हात फिरते. शेजारच्या बाई विचारतात, "काळ्या पडाल ना वं?" मी म्हणते, पडू द्या.

वाद मात्र संपलेला नाही. मला अजून वाटतं की समूह मोजले पाहिजेत. कोणी आपल्या बायका मोजल्या म्हणूनच कळलं ना, की आपल्याकडे हाडं तारुण्यातच कमी भरतात आणि लवकर मोडतात? त्या दवाखान्यातला माणूस "या लोकांचे हाडं लोखंडाचे" म्हणाला तेव्हा त्यानं काही मोजलं नव्हतं, मानलं होतं. न मोजलेलं मानणाऱ्याला खोटं पाडायचं तर मोजावंच लागतं. तू म्हणाली असतीस, मोजणारा कोण ते आधी पाहा. मी म्हटलं असतं, मग आपल्यातल्या मुली मोजायला बसवू. तू म्हणाली असतीस... इथं मी अडते. तुझं पुढचं वाक्य मला कधीच आधी ओळखता आलं नाही.

आपला वाद मी मित्राला सांगितला, आणि ते वाक्य आता ती बोलते. तिला आठवड्यातून एकदा एक गोळी घ्यायची असते, रविवारी, अनशेपोटी, भरपूर पाण्याबरोबर. गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. पहिल्या रविवारी सकाळी सातला तिचा फोन आला. "मावशी, तो मोजायचा मुद्दा मले पटत नाही." मी म्हटलं, "का?" आणि सुरू झालं. बेसाच्या गॅलरीत ती येरझारा घालते, तिच्या चपलांचा आवाज मला फोनमध्ये ऐकू येतो. तिला सगळं जाणून घ्यायचं आहे. मायला आणखी काय काय होत होतं. बाबांची आई कशी चालायची. तू लहानपणी माझ्याशी कशी भांडायचीस. जे मी कधी कोणाला सांगितलं नाही ते विचारते, आणि मी उत्तर द्यायला वेळ लावला तर तिला धीर निघत नाही.

गेल्या रविवारी तिनं विचारलं, "आईवर तू कधी चिडली होतीस का? खरंखरं सांग."

मी गप्प झाले. सवय आहे.

"मावशी, अजून वीस मिनिटं उभं राहाचं आहे मले," ती म्हणाली. "बोल."

मग मी खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले.